तीन नंबरचा ट्रे

२ जानेवारी १९८४, सोमवार

मशीनला तेल-ग्रीस पुरवणाऱ्या माणसाने आज सगळ्या सुपरवायझरांना डायऱ्या वाटल्या. वर गणपती, खाली ग्रीसचा डबा. खराब वस्तू बाजूला काढण्याची माझी नोकरीच आहे, पण चांगली टाकवत नाही. कागद चांगला आहे, म्हणून लिहिते.

दुसरं कारण म्हणजे संध्याकाळी बसमधून उतरल्यापासून सकाळी बसमध्ये चढेपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. परवा दूधवाल्याला "उद्यापासून अर्धा लिटर" म्हणाले तर घसा असा खरवडला की तो बिचारा घाबरला.

वाशीला राहते. या गावात अजून माणसांपेक्षा सेक्टर जास्त आहेत. फ्लॅटच्या सोडतीचा फॉर्म विलासने आणि मी मिळून भरला होता. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा तो गेलेला होता, मी एकटी होते. त्यालाही आता सहा वर्षं होतील.

नोकरी पावण्याला, एमआयडीसीत. आमच्या कारखान्यात जखमेवर ठेवायचं निर्जंतुक कापड पाकिटांत भरतात. पाकिटाची एक बाजू कागदाची, एक प्लॅस्टिकची. बायका घडी आत सरकवतात, तोंड गरम जबड्यात धरतात, पायाने दाबतात, सील झालं. ते सील धड आहे की नाही हे बघणं माझं काम. सीलच्या आडवी पट्टी कापायची, एक टोक भिंतीवरच्या चिमट्यात, दुसरं स्प्रिंगच्या काट्यात, आणि हळू ओढायचं. फार लवकर सुटलं तर पाकीट दवाखान्याच्या कपाटातच उघडणार. सुटलंच नाही तर नर्स ओढताना कागद फाटून त्याचा भुसा जखमेत पडणार. धरलं पाहिजे आणि वेळेला सोडलंही पाहिजे. अशी वस्तू बनवायला अवघडच.

५ जानेवारी, गुरुवार

आज नळावर भांडण. जेवणानंतर बायका हॉलमध्ये शिरतात तेव्हा मी नळापाशी उभी राहून हात बघते. तेलकट बोट सीलच्या जागी लागलं तर तिथे कागद चिकटत नाही. शाळेतल्या बाईसारखं वाटतं, पण नियम माझाच आहे. गिरजाबाई हॉलमध्ये सगळ्यांत वयस्कर. त्यांनी आज साबण लावलाच नाही. मी परत पाठवलं, तर म्हणाल्या, "आमचे हात काय महारोग्याचे?" मीही ऐकवलं. मला ऐकवता येतं चांगलं, तेवढी एक कला आहे.

मागून रखमाबाईंनी दोन्ही हात माझ्या नाकाखाली धरले. "बघा बाई, नखं बघा. आनि नशीब दिसलं तर तेपन सांगा." सगळ्या हसल्या, गिरजाबाईसुद्धा. मी हसले नाही. हसलं की उद्या साबण गायब होतो.

या रखमाबाई तीन नंबरच्या मशीनवर असतात. पावणे गावातल्याच. त्यांची भातशेती जिथे होती तिथे आता रंगाचा कारखाना आहे. रोजंदारीवर असूनही हॉल त्याच चालवतात म्हटलं तरी चालेल. त्यांच्या पट्ट्या माझ्या काट्यावर रोज एकाच जागी सुटतात. मी त्यांना हे कधी सांगितलेलं नाही. कशाला सांगा, डोक्यावर बसतील.

१६ जानेवारी, सोमवार

संक्रांत झाली. डब्यातून तिळाच्या वड्या आल्या, माझ्या टेबलावर कागदात बांधून कोणीतरी ठेवल्या होत्या. मी टेस्टिंगच्या खोलीत एकटीच जेवते. बायका हॉलबाहेरच्या व्हरांड्यात गोल करून बसतात.

जेवण होतंय तोच रखमाबाई दारात. "बाई, शुक्रवारी माझ्या घरी हलदीकुंकू हाय. तुमी या."

व्हरांड्यातल्या बायका वळून बघायला लागल्या. मला आधी वाटलं चेष्टा आहे. मग वाटलं हिला ठाऊक नसेल. म्हटलं, "रखमाबाई, मला कसं बोलावता? तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत हाय म्हनून तर..." त्या पुढे काही बोलणार होत्या. मी म्हटलं, "शुक्रवारी मला उशीर होईल, स्टॉकचं काम आहे," आणि पट्टी कापायला घेतली. वाकडी कापली गेली. त्या गेल्यावर दार लावून घेतलं.

सगळ्यांना आमंत्रण दिलं आणि मी तिथेच होते, म्हणून मलाही म्हणावं लागलं असणार. माणुसकी म्हणून विचारतात, आपण माणुसकी म्हणून नाही म्हणायचं.

१८ जानेवारी, बुधवार

आता नवीनच. हळदीकुंकू रखमाबाईंच्या घरी नाही, इथे हॉलमध्येच, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत! मॅनेजर श्यामसुंदर साहेबांनी परवानगीही दिली. मी तडक केबिनमध्ये गेले. म्हटलं, सीलिंगच्या हॉलमध्ये हळद आणि कुंकू? पिठासारखी पूड, कुठेही बसेल.

"अर्धा तास हो, मॅडम. कशाला टेन्शन घेता? बायका खूश तर प्रॉडक्शन खूश."

"घरी का नाही करत?"

"ते मला काय माहीत? तुम्हीच विचारा."

मी विचारलं नाही. रखमाबाईंचं अंगण चांगलं मोठं आहे, बसमधून दिसतं. पण घरी काहीतरी अडचण निघाली असेल. व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरायची, आत ताट आणायचं नाही, नंतर सगळ्यांनी हात धुवायचे, असं बजावून आले. चांगुणाबाई मात्र शांत. त्या पॅकिंगला आहेत, जालन्याकडच्या. म्हणाल्या, "आमी बौद्ध, बाई. आमच्यात ह्ये नाही. कुंकवावरून बाईची किंमत करायची नाही. मी नुसते तीळगूळ खाते." मला त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला.

२० जानेवारी, शुक्रवार

काय लिहू.

सुट्टी झाली तशी मी दार लावून डबा उघडला. बाहेर बांगड्या, हसणं. मग दारावर थाप. रखमाबाई हातात ताट घेऊन उभ्या, त्यांच्यामागे सगळा हॉल.

"बाई, चला. सगल्या थांबल्यात."

"रखमाबाई, उगाच काहीतरी."

"तुमी आल्याशिवाय सुरू नाय करायचं."

गिरजाबाई मागून म्हणाल्या, "असं करत नाहीत गो." रखमाबाईंनी वळून बघितलंही नाही. "कोन बोललं करत नाय? देव आला व्हता सांगायला?" असं म्हणत त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. आधी हळद, मग कुंकू. त्यांचं बोट खरखरीत आहे, कपाळावर चांगलंच लागलं.

रीत अशी की आपल्याला लावलं की आपणही लावायचं. रखमाबाईंनी ताट पुढे केलं. कुंकू किती घ्यायचं हेच हात विसरला होता. चिमटीऐवजी मूठच भरली. रखमाबाईंना लावलं ते नाकावर सांडलं, त्या ओरडल्या, "बाईंनी मना म्हालसा देवी केली!" मग एकेकीला लावत गेले. काही जणी स्वतःहून पुढे आल्या. गिरजाबाईंनी मान फिरवली, मीही पुढे गेले. चांगुणाबाई कडेला बसून तोंडात लाडू धरून हसत होत्या.

घंटा झाली तरी कोणी हलेना. रखमाबाई ताट, निरांजन, कागद गोळा करून बाहेर ठेवायला निघाल्या. त्यांचं मशीन तापून राहिलेलं. मी म्हटलं, "तुम्ही या सावकाश, मी बसते." आणि तीन नंबरवर बसले! इतकी वर्षं दुसऱ्यांची सीलं ओढून बघितली, स्वतः कधी केलं नव्हतं. पाय आणि हात एका वेळी जमेना. पहिलं पाकीट तिरकं झालं, शेजारच्या मशीनवरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मग जमलं. ट्रे अर्धाअधिक भरला. रखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, मी म्हटलं, "बघता काय? तुमची नोकरी गेली आता!" हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

कपाळ मात्र बसमध्येच पुसलं. सोसायटीच्या जिन्यात बायका बसलेल्या असतात. बोटं पुसली नाहीत. घरी आले तरी उजव्या हाताची तीन बोटं लालच होती. स्वयंपाक करायचा तर धुवावी लागतील, म्हणून आज स्वयंपाक केला नाही. वड्या खाल्ल्या.

२३ जानेवारी, सोमवार

व्हायचं तेच झालं. शुक्रवारचा माल आज गाडीत चढायचा होता. चढण्याआधी प्रत्येक ट्रेमधली पाकिटं मी तपासते. सगळे ट्रे ठीक. तीन नंबरचा घेतला आणि पहिलीच पट्टी काट्याने ओढायच्या आत सुटली. दुसरी तशीच. मग पाकिटात निळं पाणी सोडून बघितलं. सील धड असेल तर ते आत राहतं. इथे सीलमधून निळा धागा सरसर बाहेर आला. भिंग लावलं, तर त्या वाटेवर लाल कण. कुंकू.

इतका संताप आला. एक दिवस, फक्त एक दिवस मी नळावर उभी राहिले नाही, तर ही तऱ्हा. माणसं जरा प्रेमाने वागली की आपण ढिले पडतो आणि ती त्याचा फायदा घेतात. हे कापड कोणाच्या तरी उघड्या जखमेवर ठेवायचं आहे, याचं कोणाला काही आहे का?

रखमाबाईंना बोलावलं. पाकीट समोर धरलं. "शुक्रवारी हात धुतले होते?"

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. "नसतील धुतले."

"नसतील म्हणजे? धुतले की नाही?"

"नाय धुतले. लिवा तसं."

एवढ्या पट्टीच्या बाईने असं करावं! मी लिहिलं. तीन नंबर मशीन, चालक रखमा, हाताची अस्वच्छता.

२४ जानेवारी, मंगळवार

शुक्रवारचा सगळाच माल फोडायचा असं ठरलं. एका ट्रेत निघालं, दुसऱ्यांत नसेल कशावरून? सरकारी दवाखान्याची ऑर्डर, उशीर झाला. श्यामसुंदर साहेब वरून बोलणी खाऊन आले आणि ती खाली वाटली. "मॅडम, तुम्ही नाव दिलं ते बरं केलं. मला कोणाला तरी दाखवायला पाहिजे." रखमाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रोजंदारीवरच्या बाईला तेवढं पुरतं, चिठ्ठीसुद्धा लागत नाही.

जाताना त्या माझ्या दारावरून गेल्या. मला वाटलं भांडतील. मी तयार होते. त्यांनी आपली चप्पल शोधली आणि गेल्या.

मी माझं काम केलं. खोटं काही लिहिलं नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. समोरच्या मैदानावर भोंग्यावर गाणी, मुलांना पेढे. खिडकी लावली. खाडीवरचे डास दुपारचेच आत आले होते. वरणभात केला आणि तसाच ठेवला.

रखमाबाईंचा राग यायला पाहिजे. येत नाही. दिवसभर जिभेवर एकच वाक्य, "नसतील धुतले." धुतले की नाही हे माणसाला माहीत असतं. "नसतील" असं आपण दुसऱ्याबद्दल म्हणतो.

वाटलं, कोणाला तरी विचारावं. कोणाला विचारणार? ज्यांना विचारलं असतं त्यांनाच घालवून बसले.

२७ जानेवारी, शुक्रवार

आज जेवताना मी दार उघडं ठेवलं होतं. गिरजाबाईंचा आवाज आला, मला ऐकू यावा म्हणूनच मोठा. "मी तेव्हाच सांगत होते. नको त्या कपाळाला कुंकू लावलं की असंच व्हायचं. रखमाचं काम गेलं, अजून काय काय जाईल." कोणीतरी "गप ना" म्हणालं. पण नाही असं कोणी म्हणालं नाही. गेल्या शुक्रवारी या कपाळांना मीच कुंकू लावलं होतं.

डबा बंद करत होते तर चांगुणाबाई आत आल्या आणि मागे दार लावलं.

"बाई, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा."

"त्या दिवशी घंटा झाली तवा तीन नंबरवर कोन बसलं व्हतं?"

मी म्हटलं, "थोडा वेळ मी होते, पण..." आणि पुढचं वाक्य कुठे गेलं कळलं नाही. मी माझ्या हाताकडे बघत राहिले.

"रखमा तं ताट घेऊन भाईर व्हती," त्या हळूच म्हणाल्या. "आल्यावर नळावर गेली. मी सोता बघितली."

"मग ती बोलली का नाही? चांगुणाबाई, ती मला का नाही बोलली?"

"बोलून काय झालं असतं? आत्ता नुसतं तुमाला कुंकू लावलं तं गिरजाबाई येवढं बोलते. तुमच्याच हातानं माल बिघडला म्हनून कळलं असतं, तं जल्मभर तेच. रखमानं आमाला बजावलं, बाईचं नाव कोनी काढायचं नाही. मला ते काई पटलं नाही. अपशकुन-बिपशकुन मी मानत नाही, म्हनून सांगितलं."

त्या गेल्यावर तीन नंबरच्या ट्रेमधली, अजून फोडायची राहिलेली सगळी पाकिटं मी ओढली. ट्रेच्या पुढच्या बाजूची, मी बसले होते तेव्हाची, हात लावताच सुटत गेली. त्यांनी येऊन बसल्यावर भरलेली काट्यावर रोजच्या जागी आली. सोमवारी मी इथवर पोचलेच नव्हते. कुंकू दिसलं आणि नाव लिहिलं. सगळ्या हॉलचे हात तपासणारी मी, माझा हात आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२८ जानेवारी, शनिवार

केबिनमध्ये गेले, उभ्यानेच सांगितलं. श्यामसुंदर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, बसा. तुम्ही कशाला अंगावर घेता? एक बाई गेली, दुसरी आली. टेस्टिंगवाली मी कुठून आणू?"

"माल माझ्या हाताने बिघडला. मीच तपासला आणि दुसरीचं नाव लिहिलं. आता माझी सही कोणी कशाला मानायची?"

"हे कोणाला माहीत आहे?"

"मला."

ते चिडले. वर कळवावं लागेल, मेमो येईल, टेस्टिंगवर ठेवता येणार नाही. म्हटलं, नका ठेवू, पण रखमाबाईंना सोमवारपासून बोलवा. बराच वेळ नको नको म्हणत शेवटी हो म्हणाले. सोमवारपासून मी स्टोअरला.

तिथून हॉलमध्ये गेले. मशीनं चालू होती, ती बंद करायला सांगितली. म्हटलं, "तीन नंबरचा माल माझ्या हातच्या कुंकवाने गेला. मी हात न धुता मशीनवर बसले. रखमाबाईंचा काही दोष नाही. कोणाला काही बोलायचं असेल तर मला बोला." गिरजाबाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि शेजारणीकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. ज्या मुलीने टाळ्या वाजवल्या होत्या तिने आपल्या कपाळावरची टिकली चाचपून बघितली. आधी मला वाटलं घाम पुसतेय.

दुपारी कोणी माझ्याशी बोललं नाही. चांगुणाबाईंनी लांबून मान हलवली.

२९ जानेवारी, रविवार

पावण्याला गेले. सुट्टीच्या दिवशी तिथे पहिल्यांदाच. रखमाबाई अंगणात बसून मिरच्यांची देठं काढत होत्या. मला बघून उठल्या, चटई टाकली. दोन दिवस झाले, मार्केटात कांदा निवडायला जातात म्हणाल्या. "पोट भरतंय. कांद्यात डोले जलतात येवढंच."

"उद्यापासून कामावर या," म्हटलं. "मी साहेबांना सांगून आले. सगळं सांगून आले."

त्यांचा हात मिरच्यांवरच थांबला. "हॉलमदी पन?"

"हॉलमध्येपण."

"कशाला सांगितलं बाई? आता त्या काय काय बोलतील."

"बोलायला लागल्याच आहेत."

"मी काय उगाच गप बसले?" त्या खरंच रागावल्या होत्या. "माजा काय, मना कांदा हाय, मच्छी हाय. तुमाला काय हाय?"

सून चहा घेऊन आली. चहा पिऊन झाल्यावर जे विचारायला आले होते ते विचारलं. "तुम्ही दारात उभ्या होता, रखमाबाई. माझे हात तुम्हाला दिसले असणार."

"दिसले."

"मग तेव्हाच का नाही उठवलं मला? एक शब्द बोलला असता तर पाच-पंचवीस पाकिटं टाकली असती, संपलं असतं."

त्यांनी मिरच्या खालीवर केल्या. "बोलनार व्हते. तोंडात आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पन तुमी हसत व्हता, बाई. कारखाना लागल्यापासून बघतंय तुमाला, हसताना कवा बघितलं नाय. मी बोलले असते तर हसनं बंद झालं असतं."

उद्या येते म्हणाल्या. फाट्यापर्यंत सोडायला आल्या आणि बस येईपर्यंत थांबल्या.

स्टोअर कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे, तिथून हॉल दिसत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, हॉलमध्ये मीच सगळ्यांना बघते. माझ्याकडे कोणी बघत असेल असं मनातही आलं नव्हतं.

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. त्यांनी दारातून काय बघितलं ते मला एकदा बघायचं होतं. हसून बघितलं. नुसते दात दिसले. परत प्रयत्न केला, आणि मग मोठ्याने रडले.